निराधारचे पंधराशे आणि वृद्धाश्रमातला हातखर्च

निराधारचे, म्हणजे सरकारी निराधार योजनांतून दरमहा मिळणारे, पैसे वाढणार का, कधी वाढणार, यावर आमच्या वर्धा-यवतमाळकडच्या गावांत पानठेल्यापासून ग्रामसभेपर्यंत सगळे बोलतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीनं वृद्धांचं निवृत्तिवेतन १५०० वरून २१०० करण्याचं आश्वासन दिलं. २०२५ मध्ये दिव्यांगांचं अर्थसाहाय्य २५०० करण्याचा निर्णय झाला. त्यामुळे बाकीच्यांची आशा आणखी वाढली. बातमी आली की बुढे लोक एकमेकांना विचारतात, "पगार वाढला म्हनते, खरं हाय का?" निराधारच्या पैशाला आमच्याकडे पगारच म्हणतात.

यात वृद्धाश्रमात राहणाऱ्यांचा विषय निघतच नाही. आश्रमातल्या माणसाचा पगार जमा होतो कुठे, काढतो कोण, आणि त्यातून त्याच्या स्वतःच्या हातात काय राहतं? काही देशांत याला कायद्यानं ठरवलेलं उत्तर आहे. आपल्याकडे ते व्यवस्थापकाच्या स्वभावावर सोडलेलं आहे. हा लेख त्याबद्दल.

आधी पगार कसा बनतो ते पाहू

नावं अनेक असल्यानं लोकांचा गोंधळ होतो. ६५ वर्षांखालच्या निराधारांसाठी, म्हणजे विधवा, दिव्यांग, गंभीर आजारी, परित्यक्ता अशांसाठी, संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. ती १९८० पासूनची. ६५ च्या वरच्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. तिसरी केंद्राची, इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना. ती दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी.

दिव्यांग सोडून बाकीच्यांच्या हातात येतात १५०० रुपये, २०२३ पासून. त्याआधी १००० होते. वृद्धाचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असलं तर यातले २०० केंद्राचे आणि १३०० राज्याचे असतात. वय ८० झालं की केंद्राचा वाटा ५०० होतो आणि राज्याचा तेवढा कमी होतो, एकूण तेच. म्हणून ऐंशी पूर्ण झाल्यावर "आता वाढेल" म्हणून तहसीलला खेटे घालणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

अर्ज तहसीलला करायचा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं (दिव्यांगांसाठी ५० हजार) आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास हवा. २१ हजार म्हणजे महिन्याला १७५० रुपये. एवढ्यात कुटुंब चालतं असं ज्यानं ठरवलं त्यानं वर्षभर चालवून दाखवावं, पण तो वेगळा विषय झाला. पैसे आता आधार जोडलेल्या खात्यात थेट जमा होतात. वर्षातून एकदा माणूस जिवंत असल्याचं दाखवावं लागतं, त्याला हयातीचा दाखला म्हणतात.

हातखर्च म्हणजे कोणते पैसे

आश्रमात राहणाऱ्याचा खर्च दोन भागांत मोडतो. पहिला भाग निगराणीचा: खोली, जेवण, अंथरूण-पांघरूण, आंघोळीचं पाणी, औषधं, उचलून बसवणारी माणसं. दुसरा भाग त्या माणसाच्या स्वतःच्या मर्जीचा, आणि त्यालाच या लेखात हातखर्च म्हणू. कशावर खर्च केला हे कुणाला सांगावं लागू नये, अशी ही रक्कम असते.

सालगड्याचं उदाहरण घ्या. गुढीपाडव्याला साल ठरतो. मालक त्याला दोन वेळ जेवू घालतो, कुठे कपडे देतो, पावसाळ्यात घोंगडं देतो. पण जेवू घातलं म्हणून सालाचे पैसे बुडत नाहीत. वर्षाच्या शेवटी मालक असं म्हणाला की "तुझं खाणं-पिणं माझ्याकडेच होतं, मग पैसे कशाचे?" तर गावात त्याच्याकडे दुसरा गडी राहायला येणार नाही. निगराणी एका खात्यात आणि माणसाची स्वतःची कमाई दुसऱ्या खात्यात, हे शेतात सगळ्यांना कळतं. आश्रमाच्या फाटकातून आत गेलं की दोन्ही खाती एक होतात.

दुसरीकडे हे कसं मोजतात

अमेरिकेत गरीब म्हातारा माणूस नर्सिंग होममध्ये गेला आणि त्याचा खर्च सरकारी आरोग्य योजनेनं उचलला, तर नियम सरळ आहे. त्याचं जे पेन्शन येतं ते जवळजवळ सगळं त्या होमच्या बिलाकडे वळतं. पण सगळं नाही. आधी एक लहान रक्कम बाजूला काढून त्याच्या नावे ठेवतात आणि उरलेलं बिलात जातं. ही रक्कम देशभरात महिन्याला किमान ३० डॉलर असते. राज्यांना वाटलं तर ती वाढवता येते. अलास्का राज्यात ती २०० डॉलर आहे.

इंग्लंडमध्ये हा आकडा सरकार दर वर्षी जाहीर करतं. २०२४-२५ मध्ये तो आठवड्याला ३० पौंड १५ पेन्स होता. माणसाकडून केअर होमची किती फी घ्यायची याचा हिशेब तिथली स्थानिक परिषद करते, पण फी कापल्यावर यापेक्षा कमी त्याच्या हातात ठेवता येत नाही.

जर्मनीनं वेगळी शक्कल लढवली. तिथे एकट्या प्रौढ माणसाला जगायला महिन्याला किमान किती लागतात याचा सरकारी आकडा आहे. आश्रमातल्या गरीब माणसाला त्या आकड्याचे निदान २७ टक्के रोख द्यायचे, असं कायद्यात लिहिलेलं आहे. २०२४ मध्ये तो आकडा ५६३ युरो होता, म्हणून हातखर्च झाला १५२ युरो.

तिन्ही ठिकाणी क्रम एकच आहे: आधी हातखर्च बाजूला, मग फी. आपल्याकडच्या संस्थांत हातखर्च असलाच तर आधी सगळा खर्च होतो, आणि काही उरलं तर द्यायचं. उरत नाही.

रक्कम ठरवून विसरलं की काय होतं

परदेशात सगळं चोख असतं असं समजू नये. अमेरिकेच्या १९७२ च्या कायद्यात हा हातखर्च २५ डॉलर ठरला. १९८८ मध्ये तो ३० झाला. त्यानंतर देशाचा किमान आकडा हललाच नाही. १९८८ मध्ये ३० डॉलरला जे येत होतं त्याला आज अडीचपट पैसे लागतात. म्हणजे कागदावर रक्कम तीच आणि पिशवीतला माल निम्म्याहून कमी. जर्मनीत टक्केवारी असल्यामुळे मूळ आकडा वाढला की हातखर्च आपोआप वाढतो, त्यासाठी वेगळं आंदोलन करावं लागत नाही.

आपल्याला हे नवीन नाही. केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन १९९५ मध्ये ७५ रुपयांनी सुरू झाली. नंतर ती २०० झाली आणि ८० च्या आतल्या वृद्धांसाठी आजही २०० च आहे. २००७ मध्ये योजनेला नवं नाव मिळालं, रक्कम तीच राहिली. तेव्हा दोनशेत किलोभर तूरडाळ, तेल, साखर घेऊन चार पैसे उरत. आता डाळ आणि तेल घेतलं की संपले.

आपला कायदा

२००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा लोकांना माहीत असतो तो एवढाच की मुलांनी सांभाळलं नाही तर तक्रार करता येते. त्यात कलम १९ सुद्धा आहे. राज्यानं प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम काढावा, त्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय असावी, असं ते कलम म्हणतं. आश्रम कसे चालवावेत, दर्जा काय असावा, वैद्यकीय सेवा आणि करमणुकीची साधनं कोणती, याची योजना राज्यानं करावी, असंही त्यात आहे.

करमणूक आली, पण माणसाच्या हातात रोख किती ठेवायची यावर कलम गप्प आहे. टीव्ही आणायची आठवण कायदा करणाऱ्यांना झाली, पण त्या टीव्हीसमोर बसलेल्या बुढ्याच्या खिशाची झाली नाही.

महाराष्ट्रात संस्थांना अनुदान देऊन वृद्धाश्रम चालवण्याची योजना १९६३ पासून आहे. १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आली, त्यात काही जागा फुकट आणि काही फी भरून. याशिवाय देणगीवर चालणारे आश्रम आहेत, आणि आमच्या भागात बहुतेकांना तेच माहीत असतात. कुणी शिक्षक निवृत्त होऊन शेतात चार खोल्या बांधतो, कुणी कीर्तनकार सुरू करतो. यांच्यातली बरीच माणसं मनापासून काम करतात. त्यांच्यावर संशय घेण्यासाठी हे लिहीत नाही.

पैसे वाटेत कुठे अडकतात

माणूस आश्रमात येतो तेव्हा त्याचं खातं गावच्या बँकेत असतं, तीस-चाळीस किलोमीटरवर. पासबुक बहुतेक वेळा मुलाकडे किंवा पुतण्याकडे राहिलेलं असतं. "बाबा तिकडे आरामात आहेत, त्यांना काय करायचे पैसे" असं म्हणून घरचेच पैसे काढत राहतात. एटीएम कार्ड असलं तर त्याचा पिन सुनेला पाठ असतो.

काही आश्रम प्रवेशाच्या वेळी पासबुक जमा करून घेतात. हेतू चांगला असू शकतो. पैसे मग आश्रमाच्या सामान्य खर्चात जातात आणि वहीत त्या माणसाच्या नावाचं पानसुद्धा नसतं.

आणि ज्याच्याकडे पासबुक स्वतःचं आहे त्याचा अंगठा लागत नाही. ग्राहक सेवा केंद्रावर मशीनवर बोट ठेवायचं आणि पैसे घ्यायचे, अशी सोय गावोगावी झाली. पण जन्मभर कापूस वेचलेल्या, निंदण केलेल्या बाईच्या बोटावरच्या रेषा झिजलेल्या असतात. अशा बाईला मी केंद्रावर बसलेली पाहिली आहे. पोरगा म्हणतो, "आजी, दुसरं बोट द्या." दुसरं होतं, तिसरं होतं, मग तो म्हणतो, "हात धुऊन या." ती पदराला हात पुसते, परत बोट ठेवते. मशीनवर लाल दिवा. मागे रांग. शेवटी "बुधवारी बँकेतच जा" असं ठरतं. बँक तालुक्याला.

"सगळं फुकट मिळतं, मग पैसे हवेत कशाला?"

हा आक्षेप सर्वांत आधी येतो, आणि तो घेणारे वाईट नसतात. आश्रमात जेवण, कपडे, औषध मिळतं, हे खरं.

इथे अमेरिकेचा एक बारीक नियम उपयोगी आहे. साबण, शाम्पू, कंगवा, दात घासायचा ब्रश अशा रोजच्या स्वच्छतेच्या वस्तू निगराणीत धरलेल्या असतात आणि त्यांचे पैसे त्या माणसाच्या हातखर्चातून कापायला होमला मनाई आहे. हातखर्च उरतो तो बाकीच्या गोष्टींसाठी. ही रेघ आपल्याकडे ओढलेली नसल्यामुळे दोन्हीकडून नुकसान होतं. कुठे साबणही स्वतःच्या पैशानं आणा म्हणतात, तर कुठे साबण दिला म्हणून बाकी काही मागायचं नाही.

बाकीच्या गोष्टी म्हणजे काय? फोनचं रिचार्ज घ्या. आता अगदी साधं, नुसतं बोलण्यापुरतं रिचार्जसुद्धा २८ दिवसांना दीडशेच्या आसपास पडतं. रिचार्ज संपलं की काही दिवसांनी फोन येणंही बंद होतं, म्हणजे लेकीचा आवाजही बंद. एसटीत ७५ च्या वरच्यांना २०२२ पासून फुकट प्रवास आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. त्यामुळे बुढा लालपरीत बसून गावी जाऊ शकतो. पण लेकीच्या घरी रिकाम्या हातानं जायला त्याला जड जातं. नातवाला बिस्किटाचा पुडा तरी हवा.

तान्ह्या पोळ्याचं पाहा. विदर्भाबाहेरच्यांना सांगायला हवं की मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, आणि मोठी माणसं त्यांना बोजारा देतात, म्हणजे पैसे. दहा, वीस, जे जमेल ते. एका आश्रमात शेजारच्या वस्तीतली पोरं त्या दिवशी बैल घेऊन आली. व्यवस्थापकानं समजूतदारपणे सगळ्या पोरांना चॉकलेटं वाटली. रांगेत बसलेली एक आजी त्यांना म्हणाली, "तुमी चॉकलेट देल्लं, ते तुमचं झालं. माह्याकडून काय?" त्यांनी तिला पन्नासची नोट दिली तर तिनं घेतली नाही. तीही त्यांचीच झाली असती.

लग्नाचा आहेर, तेरवीला द्यायचे पैसे, भाऊबीजेची ओवाळणी, दिवाळीनंतर भंडारा-गोंदियाकडच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, नाटकाचं तिकीट, गणपतीची वर्गणी. या सगळ्यात माणूस देणाऱ्यांच्या बाजूला उभा असतो. आश्रमात गेल्यावर तो कायमचा घेणाऱ्यांच्या बाजूला जातो.

"पैसे दिले की खर्रा खातील"

खातील. काही जण नक्की खातील. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही, कारण खर्ऱ्यानं, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूनं, आमच्याकडे तोंडाचे कॅन्सर झालेले घरोघर आहेत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, सुगंधित तंबाखू-सुपारीवरही आहे, आणि तरी प्रत्येक ठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटला जातो.

पण जरा पाहा. ज्या बुढ्याला पन्नास वर्षांची सवय आहे तो पैसे नसले म्हणून थांबत नाही. तो पाहुण्यांकडे मागतो, शेजारच्या खाटेवरच्याकडून उधार घेतो, दान आलेली शाल ठेल्यावर देऊन खर्रा आणतो. व्यसन तसंच राहतं आणि वर लाचारी येते. सोडवायचंच असेल तर त्यासाठी डॉक्टर लागतो, समजावणारा माणूस लागतो. आश्रमाच्या आवारात तंबाखूबंदी करायचा अधिकार संस्थेला आहेच, तो वापरावा. दारूचं तर उघड आहे. वर्धा, गडचिरोलीत दारूबंदीच आहे.

शिवाय आश्रमातल्या बायकांपैकी किती जणी खर्रा खातात? दहा जणांतल्या चौघांच्या सवयीसाठी दहाही जणांचे हात रिकामे ठेवायचे, हे न्यायाचं नाही. आमदाराला पेन्शन देताना तो त्याचं काय करतो हे कुणी विचारत नाही.

"हरवतील, नाहीतर कुणी लुबाडेल"

हा आक्षेप जास्त खरा आहे. विसरभोळेपणा आलेल्या माणसाजवळ तीनशे रुपये सकाळी असतात आणि दुपारी नसतात. मग संशय येतो शेजारच्या खाटेवर किंवा झाडूवाल्या बाईवर, आणि भांडण. नातेवाईक महिन्यातून एकदा बरोबर पगाराच्या तारखेला भेटायला येतात, हेही आश्रमवाल्यांना पाठ झालेलं असतं.

यावर उपाय म्हणजे पैसे संस्थेकडे ठेवायचे, पण संस्थेचे म्हणून नाही. अमेरिकेतले नियम इथे नमुन्यासारखे आहेत. पैसे सांभाळायला होमला त्या माणसाची लेखी परवानगी लागते. प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवायचा, संस्थेच्या पैशात मिसळायचा नाही. दर तीन महिन्यांनी हिशेबाचा कागद त्या माणसाला द्यायचा. सरकारी योजनेतल्या रहिवाशाचे ५० डॉलरच्या वर साठले तर व्याज मिळणाऱ्या खात्यात टाकायचे.

आपल्या चार खोल्यांच्या आश्रमाला यातलं सगळं झेपणार नाही, पण एक वही झेपते. दोनशे पानी रजिस्टर, प्रत्येक माणसाला एक पान. तारीख, जमा, दिले, उरले, सही किंवा अंगठा. अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही, आणि साक्षीदार आश्रमाचा नोकर नसावा. आशाताई, पोस्टमन, गावातला एखादा शिक्षक चालेल. "कशासाठी" असा रकाना मात्र त्यात नसावा. मी पाहिलेल्या एका वहीत तो होता आणि त्यात ओळीनं लिहिलेलं होतं: चहा, चहा, चहा, चहा. लिहिणाराही कंटाळला असणार.

एटीएम कार्ड आणि पिन दोन्ही एकाच माणसाकडे, मग तो कितीही भला असो, ठेवू नये. पासबुक संस्थेत ठेवायचं असेल तर त्याची पावती द्यावी. मोठे बँक व्यवहार महिन्यातून एकदाच, दोघांना सोबत घेऊन करावेत. पोस्टाचं खातं असलं तर पोस्टमन आश्रमात येऊन पैसे देऊ शकतो; आठ-दहा जण असले तर आश्रमानं त्याच्याशी बोलून दिवस ठरवून घ्यावा. हयातीच्या दाखल्यासाठीही म्हाताऱ्यांना जीपमध्ये कोंबून नेण्याऐवजी आधी तहसीलला विचारावं.

"संस्थेनं हा पैसा आणायचा कुठून?"

ज्याला पगार मिळतो त्याच्याबाबतीत हा प्रश्नच येत नाही, कारण पैसे त्याचे आहेत. संस्था त्यातून निगराणीसाठी काही घेत असेल तर तेही लेखी ठरवून घ्यावं. किती हातात ठेवायचे? माझं मत सांगतो. निदान पाचवा भाग. १५०० चे तीनशे. रुपयात ठरवू नये, हिश्शात ठरवावं. पगार २१०० झाला तर हातखर्च आपोआप ४२० होईल आणि कुणाला अर्ज करावा लागणार नाही. तीनशे कमी आहेत हे मान्य. रिचार्ज केलं की निम्मे गेले. पण आज जिथे शून्य आहे तिथून सुरुवात करायची आहे.

जे आश्रम पूर्ण अनुदानावर किंवा देणगीवर चालतात आणि रहिवाशाकडून फी घेत नाहीत, त्यांनी तर पगाराला हातच लावू नये.

देणगीदारांशीही थोडं बोलायला हवं. पितृपक्षात आश्रमात इतकी पंगत होते की बुढ्यांची पोटं बिघडतात. एकाच दिवशी दोन घरचं जेवण, दोन्हीकडे बुंदी. हिवाळ्यात ब्लँकेट इतकी येतात की कपाटं बंद होत नाहीत. वाढदिवसाला केक येतो, मधुमेह असलेल्या लोकांसमोर कापला जातो आणि फोटो निघतो. देणाऱ्याला वस्तू दिल्याचं समाधान हवं असतं, हे समजू शकतं. पण एका पंगतीच्या पैशात वीस जणांचा महिन्याचा हातखर्च निघू शकतो. संस्थेनं पावतीपुस्तकात "हातखर्च निधी" असा वेगळा रकाना छापला तर निदान विचारता तरी येईल. फोटो हवाच असेल तर वहीचा काढा.

काम करून घेणं आणि मोबदला

आश्रमात धडधाकट बायका पालेभाजी निवडतात, डाळ पाखडतात, पोळ्या लाटतात. पुरुष बागेला पाणी देतात, गायीचं पाहतात. त्यांना ते आवडतंही, रिकामं बसून दिवस जात नाही. पण तासन्‌तास चालणारं काम ज्यासाठी संस्थेला एरवी बाई ठेवावी लागली असती, त्याचे पैसे द्यायला हवेत.

मनोरुग्णालयांसाठी हे कायद्यातच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २० प्रमाणे तिथल्या माणसाला काम करायची सक्ती करता येत नाही, आणि त्यानं काम केलं तर योग्य मोबदला द्यावा लागतो. त्याच कलमात स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे आणि सक्तीनं डोकं भादरायला मनाई आहे. तुरुंगातल्या कैद्याच्या श्रमाला न्याय्य मजुरी द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये सांगितलं. मग कुठलाच गुन्हा न केलेल्या आजीनं रोज चाळीस पोळ्या लाटल्या तर तिच्या पानावर काहीतरी जमा व्हायला काय हरकत आहे?

ज्यांना पगारच नाही त्यांचं काय?

आश्रमात असे बरेच असतात. कारण सहसा एकच: रेशनकार्डावर कमावत्या मुलाचं नाव. उत्पन्न कुटुंबाचं मोजलं जातं, म्हणून ज्या मुलानं घराबाहेर काढलं त्याच्याच कमाईमुळे बापाचा अर्ज बाद होतो.

इथे दोन वाटा आहेत. पहिली, विभक्त राहत असल्याची कागदपत्रं करून, रेशनकार्डावरचं नाव वेगळं करून पुन्हा अर्ज करणं. वेळ लागतो, तलाठ्याकडे फेऱ्या होतात. दुसरी, २००७ च्या कायद्याखाली मुलांकडून निर्वाह मागणं. हा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या भाषेत एसडीओ साहेबांकडे, जातो. महिन्याला १० हजारांपर्यंत निर्वाह ठरवता येतो. नोटीस गेल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असं कायदा म्हणतो. वृद्धाला स्वतःला जमत नसेल तर त्याच्या वतीनं त्यानं नेमलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, म्हणजे आश्रमालाही हे करता येतं.

बहुतेक आईबाप यासाठी तयार होत नाहीत. "पोराले कोर्टात नेऊ का आता?" हे ऐकलं की पुढे काय बोलायचं कळत नाही. त्यांच्यावर जोर करू नये. पण माहिती दिली पाहिजे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फुकट फोन नंबर आहे, तिथे मराठीतही विचारता येतं.

तोवर अशांचा हातखर्च देणगीच्या निधीतूनच जाणार. मात्र ज्याला पगार आहे त्याला तीनशे आणि ज्याला नाही त्याला पन्नास, असं करू नये. एकाच ओसरीवर बसणाऱ्यांत त्यानं फूट पडते.

माणूस गेल्यावर पानावरचे पैसे

हा भाग कुणी आधी बोलत नाही आणि मग भांडणं होतात. अमेरिकेत होमकडे साठलेले पैसे मृत्यूनंतर ३० दिवसांत हिशेबासकट वारसाच्या किंवा मिळकत सांभाळणाऱ्याच्या हाती द्यावे लागतात. आपल्याकडे आश्रमाच्या वहीत तीन-चार हजार साठलेले असले की वर्षभर न दिसलेला मुलगा तेराव्याला हजर होतो, किंवा कुणीच येत नाही आणि पैसे कपाटात पडून राहतात.

मृत्यूनंतर जमा झालेला पगार सरकारचा, तो काढू नये. तहसीलला आणि बँकेला लगेच कळवावं. आधीचे पैसे मात्र त्या माणसाचेच. म्हणून वहीच्या पानावर सुरुवातीलाच एक ओळ लिहून घ्यावी, की माझ्यामागे हे पैसे अमक्याला द्यावे, आणि खाली अंगठा, दोन साक्षीदार. कुणी लेकीचं नाव सांगतं, कुणी रात्री उठून पाणी देणाऱ्या शेजारणीचं. एकानं "माह्या तेरवीले पोरायले जिलेबी" असं लिहून घेतलं होतं. बँकेच्या खात्यासाठी नामनिर्देशनाचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. तो बँकेत फुकट मिळतो. जुन्या खात्यांवर अनेकदा वारलेल्या बायकोचं नाव तसंच राहिलेलं असतं, तेवढं एकदा पासबुक उघडून पाहून घ्यावं.